रिव्हॉल्व्हरच्या खोक्यात बेसनाचे लाडू

मंडळी, आज आमच्या आईने इथे परदेशात, किचनर शहरात कमाल केली!

शेजारचे वॉल्टर आजोबा जुनी रिव्हॉल्व्हर्स जमवतात. काल ते एका रिव्हॉल्व्हरचं शंभर वर्षांचं मूळ खोकं दाखवायला आले आणि आमच्याकडेच विसरले. रिव्हॉल्व्हरपेक्षा खोकं दुर्मीळ, हे त्यांनी तीनदा सांगितलं होतं.

आज आईने ते परत नेऊन दिलं. रिकामं कसं द्यायचं, म्हणून लाडू भरून!

कळल्यावर मी तसाच धावलो. पुठ्ठ्यावर तुपाचा हा एवढा डाग.

"सॉरी आजोबा, किंमत उतरली ना?"

आजोबा लाडू खात संग्रहाच्या वहीत नोंद करत होते: "तुपाचा डाग, शेजारच्या आईंकडून."

मग हळूच म्हणाले, "आय हॅव इलेव्हन मोर बॉक्सेस."

आता सांगा, आईला कळवू का?