मामांनी पास केलेली बाबागाडी

जगातल्या कुठल्याही वस्तूवर पहिल्या भेटीत विश्वास टाकायचा नाही, अशी शपथ घेऊनच आमच्या हिचे डोंबिवलीचे मामा जन्माला आले असावेत. बारशाच्या दिवशी त्यांना पाळण्यात घातलं तेव्हा त्यांनी आधी पाळण्याच्या कड्या निरखून पाहिल्या असणार आणि मगच रडायचं की हसायचं ते ठरवलं असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात त्यांनी उभी हयात तयार व्हॉल्व्ह तपासण्यात घालवली. मामांचा शिक्का बसलेला माल कधी परत आला नाही, असं माझं सगळं सासर एका सुरात सांगतं. निवृत्त झाल्यावर व्हॉल्व्ह कारखान्यात राहिले आणि तपासणी मामा घरी घेऊन आले. लग्न त्यांनी केलं नाही. का केलं नाही हे विचारायचं धाडस कुणाला झालेलं नाही, कारण उत्तर काय येईल याचा सगळ्यांनाच अंदाज आहे.

ठाण्याला आमच्याकडे आले की मामा आधी दारातच थांबत. दार तीनदा उघडत, तीनदा लावत, बिजागरीशी कान नेत आणि मग भाचीला विचारत, "कशी आहेस बाये?" खुर्ची पुढे केली की ती उलटी करून खालचे स्क्रू बघत. खिशात एक लोहचुंबक, सहा इंची पोलादी पट्टी आणि बोटाएवढी बॅटरी कायम. हॉटेलात मिसळ यायच्या आधी चमच्याला लोहचुंबक लागायचं, आणि चिकटलं तर स्टील हलकं, "रिजेक्ट" म्हणून तो चमचा वेटरच्या हातात परत जायचा. आमच्या लग्नात मुहूर्त अगदी जवळ आला तरी मामांचा पत्ता नव्हता. नवरीला मांडवात आणायचं काम मामाचं, त्यामुळे त्यांच्यावाचून पुढे काही होईना. शेवटी ते स्टेजच्या खाली सापडले. डेकोरेटरकडून दोन नवे बोल्ट लावून घेतल्याशिवाय ते बाहेर यायला तयार नव्हते. "भाची उभी राहणारे वर," एवढंच म्हणाले. आमच्या अल्बममध्ये त्या क्षणाचा फोटो आहे. भटजी घड्याळ बघतायत, मी घाम पुसतोय आणि स्टेजच्या झालरीखालून दोन पाय बाहेर आलेत.

माझ्या मेहुण्याने शीळफाट्याजवळ फ्लॅट घ्यायचं ठरवलं तेव्हा तर मामांनी कमाल केली. सॅम्पल फ्लॅट दाखवणारा सूटबुटातला तरुण मोठ्या कौतुकाने बाथरूमच्या टाइल्स दाखवत होता. मामांनी नळाखालची बादली भरली आणि जमिनीवर ओतली. पाणी जाळीकडे जायचं सोडून शांतपणे हॉलमध्ये आलं. तो तरुण बूट वर धरून सोफ्यावर उभा राहिला. मामा म्हणाले, "तुमच्याकडे पाणी चढतं वाटतं?" मेहुण्याने तो फ्लॅट सोडून पलीकडच्या बिल्डिंगमध्ये घेतला, आणि आजही पाहुणे आले की तो त्यांना आधी आपल्या बाथरूमचा उतार दाखवतो. सासरी कुठलीही वस्तू आली, मग तो फ्रिज असो, मिक्सर असो नाहीतर सासूबाईंची गुडघ्याला बांधायची पट्टी असो, पहिला प्रश्न एकच असायचा, "मामाने पास केली का?" मामांना दुसरं काही नव्हतं. पेन्शन बेताची, घर एका खोलीचं. पण त्या एका प्रश्नावर ते राजासारखे जगत होते.

मला मात्र त्यांची लाज वाटायची. हे लिहिताना त्या लाजेचीच लाज वाटते आहे, पण तेव्हा वाटायची ती खरी.

झालं असं, की नौपाड्यातल्या आमच्या डॉक्टरांनी माझी साखर काठावर आल्याचं सांगितलं आणि मी धावायला लागलो. सोसायटीत धावणाऱ्यांचा एक ग्रुप होता, महागडे बूट घालून धावणारा आणि धावण्यापेक्षा बुटांबद्दल जास्त बोलणारा. ही एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, रविवारीही तिची सकाळची ड्यूटी असते. लेक अकरा महिन्यांची. तिला घरी ठेवून धावता येईना, म्हणून धावायची बाबागाडी घ्यायचं ठरलं. ग्रुपमधल्या एका जोडप्याकडे तशी होती. हिने एकच अट घातली, "मामाला घेऊन जा."

मामांचा फोन त्याच दिवशी आला. "मूल आधाराशिवाय बसतं का? मान धरतं का नीट?"

"मामा, परवाच पाहिलंत की तिला."

"पाहिलंय. तपासलेलं नाही. वजन सांगा. कपड्यांसकट की कपड्यांविना?"

शनिवारी नौपाड्यातल्या दुकानाबाहेर मामा माझ्याआधी हजर होते. हातात जाड कापडी पिशवी, पिशवीत गहू. लेकीच्या वजनाइतके गहू त्यांनी वाण्याकडे मोजून घेतले होते, आणि गव्हावर सुतळीने एक नारळ घट्ट बांधला होता. "पोरांचं डोकं जड असतं," ते म्हणाले, "नुसते गहू ठेवले तर गाडी खोटं बोलेल." दुकानात शिरल्याबरोबर त्यांनी ती पिशवी एका बाबागाडीत बसवली, खांद्यावरचे, कमरेचे आणि पायांमधला असे सगळे पट्टे लावले आणि गाडी आडवी-उभी हलवली. मग दुसरी. मग तिसरी. सेल्समन गाडी गुळगुळीत फरशीवर एका बोटाने ढकलून दाखवायला लागला तेव्हा मामा म्हणाले, "फरशीवर सगळ्याच पास होतात. रस्त्यावर न्यायची." आणि काळी, तीन चाकांची, दिसायला अगदी हातगाडीची धाकटी बहीण अशी एक गाडी घेऊन ते खरोखरच फुटपाथवर गेले.

सत्तरीतला माणूस, पँट घोट्यापर्यंत दुमडलेली, नारळ बसवलेली बाबागाडी घेऊन पेव्हर ब्लॉकवरून धावतो आहे, मागून हिरमुसला सेल्समन धावतो आहे, हे दृश्य नौपाड्याने त्या दिवशी फुकटात पाहिलं. एक बाई थांबून ओरडल्या, "अहो आजोबा, लेकराला काही होईल ना!" मामा न थांबता म्हणाले, "म्हणूनच लेकरू आणलेलं नाही!"

लोक हसले. मीही हसलो असतो, पण नेमकं तेव्हाच ग्रुपमधलं ते जोडपं दुकानात आलं. त्यांतल्या बायकोने काचेतून बाहेर बघत विचारलं, "हे कोण रे? सॉलिड आहेत!" मी दुधाच्या बाटल्यांच्या रॅककडे तोंड वळवलं आणि म्हणालो, "असतील कुणीतरी." मग मला घाईच झाली. मामा दुसऱ्या फेरीला गेले तेवढ्यात मी कोपऱ्यातली निळी, चकचकीत, कप ठेवायला जागा असलेली, चार छोट्या चाकांची गाडी काउंटरवर घेतली. त्या जोडप्याला ती फार आवडली.

मामा घामाघूम होऊन परत आले. "काळी पास. मोठी चाकं, हवेची ट्यूब, हँडलला ब्रेक, मनगटात घालायचा पट्टा. पुढचं चाक लॉक होतं, धावताना सरळ राहतं." मग त्यांनी माझ्या हातातली निळी पाहिली. खाली बसले, पुढचं चाक बोटाने फिरवलं. ते गरगर फिरत राहिलं. "हे चालायला ठीक. बाजारात न्यायला छान. पण धावलात की हे चाक स्वतःचं डोकं चालवेल."

"तेवढं चालतं मामा. आता घेतलेली आहे."

"मी पास केलेली नाही हं," मामा हळूच म्हणाले. त्यांनी पिशवीचे पट्टे सोडवले आणि गहू खांद्याला लावून स्टेशनच्या दिशेने चालत गेले. मी त्यांना रिक्षाही करून दिली नाही. घरी आल्यावर हिने विचारलं, "मामाने पास केली ना?" मी म्हणालो, "म्हणजे काय!" इतकं सहज निघालं तोंडातून.

तिसऱ्या रविवारी आमच्या मागच्या रस्त्याच्या उतारावर निळ्या गाडीचं पुढचं चाक आडवं झालं. गाडी क्षणभर थरथरली आणि कलंडली. माझा हात हँडलवरून सुटला. लेक पट्ट्यांमुळे गाडीतच राहिली, पण कपाळ फुटपाथच्या कडेवर आपटलं. भुवईच्या वर दोन टाके पडले. ती रडत होती त्याचं मला काही वाटलं नाही. रडता रडता मधेच थांबून ती माझ्याकडे बघायची, ते अजून सहन होत नाही.

ही लॅबमधून धावत आली. संध्याकाळी मामाही आले. त्या दिवशी त्यांनी दार तपासलं नाही, सरळ लेकीपाशी गेले. ही रडून रडून थकलेली होती, तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मामा, तू बघून घेतलेलीस ना रे? तू पास केलेलीस ना?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी तेव्हा बोलायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं. मी लेकीच्या पांघरुणाची कड सारखी करत बसलो. मामांनी कोपऱ्यातल्या गाडीचं वाकडं झालेलं चाक हातात घेतलं, बराच वेळ धरून ठेवलं आणि म्हणाले, "सुटलं खरं नजरेतून. वय झालं, बाये."

एवढ्या एका वाक्याने मामांचं राज्य गेलं. कुणी त्यांना बोललं नाही, उलट सगळे जास्तच गोड वागायला लागले. मेहुण्याने वॉशिंग मशीन घेतलं ते परस्पर, "मामाला कशाला उगाच त्रास?" सासूबाईंनी कुकर स्वतः आणला. मामांनीही काही विचारणं सोडलं. आमच्याकडे आले की दिलेल्या खुर्चीवर गुपचूप बसायचे, ती कुरकुरली तरी खाली वाकून बघायचे नाहीत. त्यांना तसं बसलेलं पाहिलं की मी उठून स्वयंपाकघरात जायचो. रोज ठरवायचो, आज हिला सांगायचं. रोज काहीतरी निघायचं, आणि खरं सांगायचं तर काही निघालं की मला बरंच वाटायचं.

लेकीचा दुसरा वाढदिवस आमच्याकडे होता. मेहुण्याने तिला छोटी तीनचाकी सायकल आणली. मामांचा हात सवयीने हँडलकडे गेला तसा मेहुणा हसत म्हणाला, "मामा, राहू दे! तुझी गाडी माहितेय आम्हाला." सगळे हसले. मामाही हसले आणि त्यांनी हात मागे घेतला. तो हात मागे जाताना पाहिला आणि माझ्याने राहवेना. हातात केकची बशी होती ती मी खाली ठेवली आणि भडाभडा सगळं बोलून टाकलं. मामांनी ती गाडी नाकारली होती, मी लाजेपोटी घाईने घेतली, हिच्याशी खोटं बोललो, आणि मामांनी आळ स्वतःवर घेतला.

सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. मामा सावकाश उठले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांना म्हणाले, "पाहिलंत? जावई असा असावा. म्हाताऱ्याची अब्रू राखायला स्वतःवर घेतोय. अहो जावईबापू, राहू द्या. मीच पास केलेली."

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मेहुण्याने मला मिठी मारली. हिने माझ्याकडे जे पाहिलं, तसं तिने लग्नानंतर क्वचितच पाहिलं असेल. माझ्या बशीत केकचा दुसरा तुकडा आला, गुलाबाचा. मी आयुष्यात इतका शरमलो नव्हतो. पुढे मी हिला एकटीला गाठून दोनदा सांगितलं. दुसऱ्या वेळी ती वैतागली, "पुरे रे आता. कळलं तू किती चांगला आहेस ते."

वाढदिवसाच्याच संध्याकाळी मामांना सोडायला मी रिक्षा स्टँडपर्यंत गेलो. मी विचारलं, "मामा, का असं केलंत?"

मामा म्हणाले, "हे बघा, मी काही तपासलं नाही तर कुणाचं काय अडतं? एखादा कुकर वाईट निघेल. पण तिला रोज सकाळी तुमच्या हातात मूल देऊन कामाला जायचं असतं. तिच्या मनात तुमच्याबद्दल शंका आली तर तिने ते कुणाच्या हातात द्यायचं?" मग रिक्षात बसले. "आणि आता परत सांगत बसू नका. तिला झोप लागली पाहिजे."

रिक्षा गेली. मी घरी आलो.

अजून सकाळी सात वाजता ही निघते. लेक अर्धवट झोपेत असते. ही तिला उचलून माझ्या खांद्यावर देते, माझा हात तिच्या पाठीखाली आहे की नाही हेही बघत नाही, आणि पर्स घेऊन जिना उतरते. "नीट सांभाळ हं," असं एकदाही म्हणत नाही.