बारकीमावशीची मुळी

पेणच्या कॉलेजात आज एका विद्यार्थिनीनं मिथेनॉलची बाटली उघडली आणि त्या झोंबऱ्या वासानं मी तीस वर्षं मागे गेले.

तेव्हा मी रोह्याला औषधी वनस्पतींवर संशोधन करत होते. निडीजवळच्या कातकरवाडीतल्या बारकीमावशीनं मला तापावरची एक मुळी दाखवली होती. मावशी ती पाण्यात उकळून द्यायची. मी तीच मुळी ईथर, अ‍ॅसिटोन, मिथेनॉलमध्ये भिजवून कशात किती अर्क उतरतो ते पाहत होते. "मावशी, तुझ्या पाण्यापेक्षा माझ्या बाटलीत कितीतरी जास्त उतरतं," असं मी तिला मोठ्या कौतुकानं सांगितलंही होतं.

एका दुपारी ती प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली. "लेकीचा ताप हटत नाय गो. माझ्या पाण्यानं भागत नाय. तुझ्या बाटलीतला दे."

"ते विषारी आहे मावशी, पिता येत नाही. तिला सरकारी दवाखान्यात ने."

"मंग काढलास कशाला?" तिनं विचारलं. रागानं नाही, तिला खरंच कळत नव्हतं.

मी काचेच्या नळ्यांकडे वळले. अर्क आटत आला होता, तो सोडून कशी जाणार? आपण योग्य तेच सांगितलं, असं मला बरीच वर्षं वाटायचं. आता वाटतं, तिच्यासोबत दवाखान्यात जायला फार तर अर्धा दिवस लागला असता.

पंधरा दिवसांनी मुळी संपली म्हणून वाडीवर गेले, तेव्हा लेक गेल्याचं कळलं. मावशीनं पहार उचलली आणि मला मुळी खणून दिली. मी ती पिशवीत भरून घेऊन आले.