जनरेटरवाले मिस्त्री आणि त्यांचे कान

त्या प्रसूतिगृहात दोघांचाच शब्द चालायचा, एक डॉक्टरबाईंचा आणि दुसरा जनरेटरवाल्या मिस्त्रींचा. बाईंशी निदान वाद तरी घालता यायचा. मिस्त्री म्हणजे मुलखाचा तिरसट माणूस! मागच्या अंगणात, खिडक्यांपासून चांगलं लांब, चार खांबांवर पत्रा टाकून त्यांनी आपलं पेट्रोलवरचं मशीन बसवलं होतं. ते जवळ, व्हरांड्यात आणा असं कुणी सुचवलं की त्याची खैर नसायची. "त्या धुरानं माणूस बसल्या जागी जातो, कळतसुद्धा नाही," ते सुनवायचे. "इथं बाळं जन्माला घालायची आहेत ना?"

दर शनिवारी सकाळी, मशीन गार असताना, त्याची देखभाल चालायची. सगळ्यात आधी बॅटरीची काळी वायर, म्हणजे निगेटिव्हची, सोडवायची. मग प्लगची टोपी काढायची. त्याशिवाय मशीनला बोट लावणार नाहीत. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर, तेही खुणेपर्यंतच. ऑइल किती आहे ते दांडी पुसून बघायचं, एअर फिल्टर झटकायचा. वीस वर्षांत मशीननं एकदाही दगा दिला नव्हता.

आणि ह्या शहाण्या माणसाचे स्वतःचे कान दोन वर्षांपासून कामातून गेले होते! दाखवले का कुणाला? छे, नाव नको. बाईंना कळलं तर घरी बसवतील, ही धास्ती. साठी उलटलेली, आणि सगळा जीव त्या मशीनवर. मग गड्यानं युक्ती काढली. कुणी काहीही बोललं की ठासून मान हलवायची. बहुतेक वेळा निभावून जायचं. आयामावशींनी एकदा विचारलं, बिनसाखरेचा चहा चालेल ना, तेव्हाही हलवली. तेव्हापासून सहा महिने बिचारे तोंड वाकडं करून तो चहा पीत होते.

त्या शनिवारी त्यांनी मशीनचं पुढचं झाकण उघडलं होतं. आतल्या पंख्याच्या पात्यांत बोटं घालून मागे साचलेला कचरा काढत होते. तेवढ्यात लाइट गेली. आत एक बाई अडलेली. मशीन चालू करायचं नवं बटण आत बोळातच बसवलेलं होतं. नर्सनं खिडकीतून डोकं काढून विचारलं, "मिस्त्रीकाका, चालू करू का?"

मिस्त्रींना तिचे ओठ हललेले दिसले. त्यांनी ठासून मान हलवली.

तिनं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं, मग धावतच बाहेर आली आणि अगदी जवळ येऊन म्हणाली, "काका, बटण चालत नाही. मी दोनदा दाबलं. तुम्हीच हो म्हणालात ना?"

हे मात्र ऐकू आलं. मिस्त्रींनी आपल्या बोटांकडे पाहिलं. ती अजून पात्यांतच होती. काळी वायर बॅटरीपासून लांब, मोकळी पडली होती.

मग ते भराभर कामाला लागले. झाकण बसवलं, स्क्रू आवळले, प्लगची टोपी घातली, काळी वायर शेवटी जोडली. "दाब आता," ते म्हणाले, नर्स आत पळाली आणि मशीन सुरू झालं.

अर्ध्या तासात मुलगी झाली. तिचं रडणं अख्ख्या इमारतीनं ऐकलं. मिस्त्री दाराबाहेरच उभे होते. सगळ्यांचे चेहरे फुललेले पाहून त्यांना कळलं.

डॉक्टरबाई हात धुऊन बाहेर आल्या, तसे ते त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. "बाई, मला ऐकू येत नाही. आज माझी बोटं गेली असती. दुसरा माणूस बघा."

बाईंनी सगळं विचारून घेतलं, त्यांच्या तोंडासमोर येऊन, सावकाश बोलत. मग म्हणाल्या, "बोटं वाचली कशी?"

"वायर आधी सोडली होती."

"मग आधी वायर सोडणारा दुसरा माणूस मी कुठून आणू? सोमवारी कान तपासून या. आणि त्या बटणाला किल्ली बसवून घ्या, ती तुमच्याच खिशात राहील."

मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी सगळ्यांसमोर तेलकट बाहीनं पुसलं.

घरी बायको दोरीवर कपडे वाळत घालत होती. मिस्त्रींनी तिच्या हातातली चादर काढून घेतली. "ऐक, मला हल्ली कमी ऐकू येतं."

"दोन वर्षं झाली," ती त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली.

"मग सांगितलं का नाहीस?"

"रोज सांगत होते," ती म्हणाली. "सोमवारी मीही येते."