खाजगीपणाच्या कायद्यातली माझी पहिली नोटीस

बसा, चहा घ्या. पण हसायची घाई करू नका. या किश्श्यात मी जी माती खाल्ली, तिची चव अजून तोंडातून गेलेली नाही.

श्रीरामपूरच्या कोर्टात मी उभा जन्म जमिनीच्या केसेस लढले. वाटण्या, बांध, वहिवाट, पाटाचं पाणी. बाहेरून मॅट्रिक झाले, संसार सांभाळून वकील झाले, इंग्रजी तर निकालपत्रं वाचून वाचून माझी मीच शिकले. कुणाच्या बापाचे उपकार नाहीत! पण अलीकडं अशिलं तरुण वकिलांकडं वळायला लागली. बाररूममध्ये एक पोरगेला वकील मला तोंडावर म्हणाला, "बाई, आता नातवंडं सांभाळा की."

"नातवंडं पुण्यात आहेत," मी म्हटलं, "त्यांना सांभाळायला पगारी बाई आहे. तुला कोण सांभाळतं ते बघ आधी!"

बोलले खरी. पण घरी येऊन पाहते तर टेबलावर फायलींपेक्षा धूळ जास्त. रात्री जेवण गेलं नाही.

मग ठरवलं, नव्या कायद्यात शिरायचं. लोकांच्या खाजगी माहितीचं रक्षण! कुणाचा मोबाईल नंबर, कुणाचं आजारपण, कुणाचा फोटो त्याच्या परवानगीशिवाय भलत्याच्या हाती जाता कामा नये. कायदा झालाय, पुरता लागू व्हायचाय, आणि त्यातला वकील आमच्याकडं औषधालासुद्धा नाही. मोबाईलवर व्याख्यानं ऐकली, कायदा छापून आणला, डिक्शनरी मांडीवर घेऊन कलम न् कलम घोकलं. वकिलाला पाटीवर असलं काही लिहायची बंदी, म्हणून तोंडानंच गावभर सांगत सुटले.

आणि आली की केस! बेलापूरची सिंधू. नवरा गेलेला, एकुलती एक मुलगी, तिचं कोल्हारच्या स्थळाशी जमत आलेलं. नवरा गेल्यापासून सिंधूला झोप नव्हती, म्हणून नगरच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. आणि औषधाचा दुकानदार ते चार गिऱ्हाइकांत बोलायला लागला होता.

"वकीलबाई, त्याचं त्वांड बंद करा," पदराचं टोक मुठीत आवळून ती म्हणाली. "कोल्हारला कळलं तर म्हनत्याल, आई येडी हाय, पोरगीबी तशीच निघंल. लगीन मोडंल ओ माझ्या पोरीचं."

"सिंधू, आता तू माझ्याकडं आलीस," मी छाती पुढं काढून म्हटलं, "मुंगीला कळायचं नाही!"

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? दुकानदाराला बंद पाकिटातून एक नोटीस. संपलं! पण जमिनीच्या वकिलाचा हात हा, त्याला एकच वळण. खरेदी असो, वाटणी असो, आधी पेपरात जाहीर नोटीस. मी डोळे मिटून मजकूर सांगितला, माझ्या गोरक्ष कारकुनानं मान खाली घालून टाईप केला.

"नेहमीच्याच पेपरात देऊ ना, बाई?"

"मग काय भिंतीवर लिहितोस? नेहमीच्याच!"

दुसऱ्या दिवशी छापून आली. 'तमाम लोकांस या नोटिशीने कळविण्यात येते की, माझे अशील सिंधूबाई, राहणार बेलापूर, या मनाच्या आजारावर ज्या गोळ्या घेतात, त्यांची माहिती सर्वस्वी खाजगी असून ती कोणीही कोणास सांगू नये. सदर माहितीवर कोणाचा हक्क, बोजा, गहाण अगर वहिवाट असल्यास मुदतीत लेखी हरकत घ्यावी.'

खोटं कशाला सांगू? वाचून माझा मलाच अभिमान वाटला. बोजा हा शब्दसुद्धा सुटला नव्हता!

आमच्या भागात लोक बातम्या नंतर वाचतात, आधी नोटिसा. कुणाची जमीन चालली ते कळायला नको? सकाळीच सिंधूचा दीर दारात हजर.

"हरकत घ्यायचीय!"

"कशावर?"

"वैनीच्या माहितीवर. वडिलार्जित हाय ती. निम्मा हिस्सा माझा."

"अरे, गोळ्यांची माहिती आहे ती! तिच्या आजाराची!"

"आसंल. पर आमाला न इचारता इकायला निघाल्या व्हय?"

मी हसायला लागले. हसता हसता पेपर पुन्हा उचलला, आणि या खेपेला वकील म्हणून नाही, सिंधू म्हणून वाचला. नाव. गाव. आजार.

दुपारी सिंधू आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खुर्चीच्या कडेवर टेकली.

"कोल्हारहून फोन आल्ता. दुसरीकडं बगा म्हनले." मग घडी घातलेला पेपर टेबलावर ठेवून म्हणाली, "दुकानदार गिऱ्हाइकांत बोलत हुता, बाई. तुमी जिल्ह्याला सांगितलं."

मी तशीच उठून कोल्हारला गेले. भांडले, समजावलं, शेवटी हात जोडले. जज्जापुढं कधी जोडले नव्हते. मुलाच्या बापानं चहा दिला, पोहे दिले, शब्द दिला नाही.

परत येऊन सिंधूच्या दारात उभी राहिले. पोरगी आत भिंतीकडं तोंड करून बसली होती.

"सिंधू, माझ्यावर केस कर," मी म्हटलं. "मला अद्दल घडायलाच हवी. या कायद्यातला वकील आपल्याकडं दुसरा नाही, तुझ्या बाजूनं मीच उभी राहते. फी नको."

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. दाराची कडी हातात धरून म्हणाली,

"नगं बाई. तुमी पयली पेपरात जाहीर नोटीस द्याल."