चमकी काढलेला फोटो

आमच्या घरात बाईच्या नाकातली चमकी एकदाच काढतात. ती गेल्यावर, शेवटची अंघोळ घालताना, थोरल्या लेकीनं. थोरली लेक मी. हे लहानपणापासून ठाऊक असूनही रामनगरच्या फोटो स्टुडिओत मी आईच्या नाकाला खोबरेल लावलं.

धाकटी बहीण दुबईत बाळंत व्हायची होती. तिचं पहिलं मूल हातचं गेलेलं. या खेपेला आई जवळ हवी म्हणून फोनवर रडायची, आणि आईचा पासपोर्टच नव्हता. फोटोवाला म्हणाला, "मावशी, नाकात लई चमकतंय. फोटो परत येतंय बघा. काढा ते."

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी शाळेत विज्ञान शिकवते, असल्या समजुतींवर फटकन चिडते. "एका फोटोपुरतं गं. काय आभाळ कोसळतंय?" म्हणत मी फिरकी फिरवली. इतक्या वर्षांची चमकी, पण सहज सुटली. तेवढा वेळ आईनं डोळे मिटले होते आणि दोन्ही हात सरळ अंगाशी ठेवले होते.

फोटो झाल्यावर मी चमकी परत घालायला गेले. तिनं तोंड फिरवलं.

"एकदा काढली की काढली. तुझं काम झालं."

बसनं आम्ही आमच्या गावी, नंदिगड्ड्याला आलो. घरी आई उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. बाबा भाताच्या खाचरातून आले, अंगणात थबकले आणि मला विचारलं, "कोन बाई आलीया गं?"

त्यांच्या डोळ्यांवर ऊन आलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

मी हाताला धरून आईला आत आणलं. त्या दिवसापासून तिनं देवापुढं दिवा लावला नाही. समोर जेवायला बसलेल्या बाबांकडं बघत म्हणायची, "तुझा बाप चांगला व्हता." मला राग यायचा, पण तो तिच्यावर नव्हता.

पासपोर्टच्या कचेरीत मी फोटो पुढं केला, तर तिथल्या बाई म्हणाल्या, "हा नको. आम्ही इथंच काढतो."

"चमकी असती तर चाललं असतं?" मी विचारलं.

"चेहरा दिसला की झालं. दागिन्यांचं काय?"

मी तिथंच आईच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. चमकी पर्समधून काढून पुढं धरली, "घाल गं," म्हणून विनवलं. ती कॅमेऱ्यासमोर तशीच बसली.

ती दुबईला गेली. बहिणीला मुलगा झाला, धडधाकट. पंधरा दिवसांनी बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. बाळ पलंगावर ओरडत होतं आणि आई लांब, दाराशी उभी होती.

"आक्का, आई बाळाला एकदा पन हात लावली न्हाई. आधीचं गेलं म्हणून भितीया व्हय? तू तरी सांग की."

"आई, घे गं त्याला," मी म्हणाले.

आईनं फोनमध्ये माझ्याकडं पाहिलं. "मेलेल्या बाईनं लेकरू घ्यायचं न्हाई. तुला ठावं हाय. तूच काढलीस न्हवं?"

"काय काढलीस, आक्का?" बहीण विचारत राहिली. बाळ रडत होतं. आईचे दोन्ही हात सरळ अंगाशी होते.