जाळीत राहिलेली पँट

१९७४ साली खंडेनवमीला पाटणजवळच्या रानात माझे शेजारी, निवृत्त हवालदार, करवंदाच्या जाळीत पँटसकट अडकले. कमरेला त्यांचा न मिटणारा लष्करी चाकू होता. एरवी रानात ते काकडीसुद्धा त्यानेच, कवायतीच्या तालात कापत.

"आवं, काढा की चाकू," मी म्हणालो.

"सकाळीच पुजलाय. आज हत्यार चालवायचं न्हाई."

"मग आणला कशाला?"

"सणासुदीला त्याला घरी एकटा ठेवू व्हय रं?"

कराडची एसटी यायला दहा मिनिटे होती. त्यांनी पट्टा सोडला, पँट काट्यांना दिली आणि रेघारेघांच्या चड्डीवर पट्टा, चाकू पुन्हा कसला.

एसटी खच्चून भरलेली होती. ते चढताच एक अख्खा बाक रिकामा झाला. कराडपर्यंत ते त्यावर एकटेच बसले. मी उभा होतो.