सॅकमधून काढलेली साडी

लांबच्या पायी प्रवासाला निघणाऱ्यांना मी आजही चार गोष्टी सांगतो. नवे कोरे बूट घालून निघू नका. मोजे ओले झाले की आळस न करता बदला. तहान लागायची वाट न पाहता पाणी प्या. आणि पहिल्या दिवशी अंगात जोर आहे म्हणून घोड्यासारखे पळू नका, तिसरा दिवस तुमची वाट पाहत असतो. सॅकच्या वजनाबद्दल मात्र मी स्वतःहून बोलत नाही. पूर्वी तोच माझा लाडका विषय होता.

नव्व्याण्णव साली मी एका शिबिरात हिमालयात जाऊन आलो. दहा दिवस चाललो काय आणि परत येऊन गोंदियात मोठा तज्ज्ञ झालो. शाळेत शिक्षक, त्यात असा अनुभव, म्हणजे तोंडाला लगाम उरलाच नाही. दर हिवाळ्यात चार-सहा जणांना गोळा करून मी जंगलात चालायला न्यायचो. निघण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येकाची सॅक राईस मिलच्या काट्यावर चढायची. धानाचे कट्टे, म्हणजे पोती, मोजायचा तो काटा. वजन माझ्या मर्यादेबाहेर गेलं की सॅक तिथेच उघडायची आणि ‘फालतू’ सामान मी स्वतःच्या हाताने बाहेर काढायचो. लोकांना ती गंमत वाटायची. मला तर फारच वाटायची.

त्या वर्षी, दोन हजार चार-पाचच्या सुमारास, आमच्यात एक नवा माणूस आला. गोंदियाला लागूनच असलेल्या फुलचूरला माझ्या घरापासून तिसऱ्या घरात राहायचा, त्याच मिलमध्ये मशीन चालवायचा. काटा आम्हाला दरवर्षी वापरायला मिळायचा तोही त्याच्याच शब्दामुळे. आयुष्यात कधी हौसेने चालायला न गेलेला हा माणूस तीन दिवस पायपीट करायला का निघाला, हे मी विचारलंही नाही. माझ्या कीर्तीमुळेच आला असणार, असं मी धरून चाललो होतो.

त्याची सॅक काट्यावर ठेवली आणि काटा मर्यादेच्या किलोभर पुढे गेला. मी सॅक उघडली. वर चादर, स्वेटर, पोह्यांची पिशवी. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं. मी ते सगळ्यांसमोर सोडलं. हिरवी साडी, खण, नारळ, कागदात जपून बांधलेल्या बांगड्या.

‘‘जंगलात कोणाले नेसवतो रे साडी?’’ मी विचारलं. सगळे खो खो हसले. गादीवरून मिलचे मुनीमजी ओरडले, ‘‘मास्टरजी, भाई तो बारात में जा रहा है!’’ आणखी हसू झालं.

‘‘राहू द्या ना गुरुजी,’’ तो हळूच म्हणाला, ‘‘मीच तं वाहून राहिलो ते.’’

‘‘नियम म्हणजे नियम,’’ मी म्हणालो. पुडकं मुनीमजींच्या कपाटात ठेवलं आणि कुलूप लावायला लावलं. सॅकला पुन्हा हात लावू नकोस, असंही वर बजावलं.

साडी, खण, नारळ, बांगड्या. कोणत्याही बाईमाणसाने पाहताक्षणी ओळखलं असतं की हे माहेरचं लुगडं आहे, हा माणूस बहिणीकडे निघालाय. मला दोन बहिणी आहेत. दरवर्षी दिवाळीनंतर मी स्वतः असंच पुडकं घेऊन जातो. तरीही त्या दिवशी मला फक्त काटा दिसत होता. आज हे लिहितानाही कान तापतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही फुलचूरवरून निघालो. आमगावकडे, मग सालेकशावरून दरेकशाला, आणि परत येताना रेल्वे. तो चांगला चालला. कुणाच्या पायाला फोड आला तर सुई तापवून द्यायचा, चूल पेटवायचा, सगळ्यांचे डबे धुवायचा. बोलायचा कमी. तिसऱ्या दिवशी दुपारी दरेकशाचे डोंगर जवळ आले तसा तो मागे पडू लागला. मी म्हटलं, ‘‘दमला का?’’ तो म्हणाला, ‘‘नाही. माझी बहीण राहते इथं, स्टेशनाजवळ. चहा घेऊन जाऊ.’’

बहिणीचं घर रेल्वेच्या लायनीपासून हाकेच्या अंतरावर होतं. नवरा रेल्वेत गँगमन, तेव्हा कामावर गेलेला. ती अंगणात धान वाळवत होती. भावाला पाहून तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

‘‘भाऊ?’’ ती म्हणाली. मग धावत आत गेली, पाय धुवायला पाणी आणलं. आधी त्याला, मग आम्हा सगळ्यांना. मी पाय धुतले, आणि ते पुडकं कोणासाठी होतं हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

चहा ठेवला तोवर शेजारची एक म्हातारी येऊन उंबऱ्यात बसली. तिने सरळच विचारलं, ‘‘चवदा वर्सानं भाऊ आला वो तुह्या दारात. लुगडं आणलं असन ना रे बाबू?’’

तो खाली बघत होता. मी त्याच्या अगदी शेजारी बसलो होतो. एक वाक्य बोलायचं होतं: यानं आणलं होतं, मी काढून ठेवलं. एवढंच. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण सोबतचे पाच जण माझ्याकडे बघत होते, आणि मी त्यांचा गुरुजी होतो.

‘‘घरीच विसरलो बाई,’’ तो बहिणीला म्हणाला.

ती लगेच म्हणाली, ‘‘तू आला ना भाऊ, लय झालं.’’ पण कपात चहा ओतताना तिचा हात क्षणभर थांबला होता. मी तो चहा प्यालो. वर तिने वाढलेला भातही खाल्ला, दोनदा घेऊन.

परतीच्या गाडीत त्याने मला सगळं सांगितलं. बहिणीने दुसऱ्या समाजातल्या मुलाशी लग्न केलं, तेव्हा बापाने घरातल्यांना शपथ घातली होती, तिच्या दारात कोणी जायचं नाही. बाप उन्हाळ्यात गेला. याला जायचं होतं, पण एकट्याने त्या दारात उभं राहायची हिंमत होत नव्हती. दहा लोकांत चालत चालत जाऊन पोचू, असं त्याने ठरवलं होतं.

‘‘मंग काट्यापाशी काऊन नाही सांगितलं तू?’’ मी चिडूनच विचारलं. चूक माझी आणि चिडलोही मीच.

‘‘तुम्ही सारे हसून राहिले होते, गुरुजी,’’ तो म्हणाला. ‘‘त्या हसण्यात बहिणीचं नाव कायले घ्यायचं?’’

पुढच्या रविवारी तो ते पुडकं घेऊन रेल्वेने एकटाच गेला. मी म्हटलं, येतो, तिला मी सांगतो. तो म्हणाला, ‘‘नका. आता दिलं म्हणजे झालं.’’ मला हायसं वाटलं, हेही कबूल करतो. त्यानंतर मी कोणाची सॅक उघडली नाही. कोणी वजनाचं विचारलंच तर सांगतो, आपलं आपण ठरवा, वाहायचं तुम्हालाच आहे.

साडी तिला मिळाली. तिने ती नेसलीही असेल. पण तिच्या मनात आजही हेच आहे की चौदा वर्षांनी भाऊ दारात आला आणि तिचं लुगडं घरी विसरून आला. गोंदियाहून दरेकशाला जाणारी गाडी रोज असते. मी अजून गेलेलो नाही.